पहिली नऊवारी: कापड निवडण्यापासून काष्टा बसेपर्यंत

नऊवारी घ्यायला दुकानात शिरण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: ती नेसून करायचं काय आहे? पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात किंवा डोंबिवलीत दुचाकी चालवायची आहे, मंगळागौरीला झिम्मा-फुगड्या खेळायच्या आहेत, लग्नात होमापुढे दोन-तीन तास मांडी घालून बसायचं आहे, की एखाद्या साध्या मंगळवारी कामावर जायचं आहे? कापडाचा पोत, पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी), काष्ट्याचा ताण, पदराची लांबी हे सगळं या उत्तरावर ठरतं. बहुतेक जणी आधी डोळ्यांत भरणारी साडी घेतात आणि मग दिवसभर तिच्यात अवघडून बसतात. इतक्या मोकळ्या वस्त्रात कुणाला अवघडून बसावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे वस्त्र मुळात राबणाऱ्या बाईचं. भाताच्या खाचरात लावणी करणारी बाई काष्टा गुडघ्यावर ओढून घेते आणि दिवसभर वाकून काम करते. पंढरीच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेतलेल्या वारकरी बाया याच वस्त्रात मुक्कामामागून मुक्काम चालतात. अकोले तालुक्यात देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शेतात असोत की व्यासपीठावर, अंगावर नऊवारीच असते. लता भगवान करे साठी ओलांडल्यावर बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. त्यामुळे नेसल्यावर पाय मोकळे टाकता येत नसतील, तर नेसण्यात काहीतरी राहिलं आहे एवढं नक्की समजा.

नेसण काय सांगते, ते आधी माहीत असू द्या

एके काळी बाई लांबून येताना दिसली की तिच्या नेसणीवरून तिचा मुलूख, जात, घरची परिस्थिती, नवरा हयात आहे की नाही, इतकं सगळं ओळखलं जाई. ब्राह्मणी नेसणीत लुगडं घोट्यापर्यंत उतरतं आणि पुढे निऱ्यांचा ओचा खोचलेला असतो. मराठा घरांत डोक्यावरून पदर घेण्याची रीत, त्यामुळे पदर लांब ठेवावा लागतो. कोळणींचं लुगडं गुडघ्याशी संपतं आणि घट्ट बसतं, कारण पाण्यात उतरायचं असतं, पाटी डोक्यावर घेऊन भराभर चालायचं असतं. गोव्यातल्या कुणबी बायका तांबड्या चौकड्यांचं कापड गुडघ्यापर्यंत नेसून खांद्यावर त्याची गाठ मारत, म्हणजे शेतात दोन्ही हात मोकळे. प्रत्येक नेसणीमागे कामाचा असा काहीतरी हिशेब आहे, आणि तो समजला की नेसायला शिकणं सोपं होतं.

पण यातली प्रत्येक ओळख बाईने आपखुशीने घेतलेली नव्हती. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला तांबडं आलवण नेसावं लागे. चोळी नाही, दुसरा रंग नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या बायका लुगडं आखूड नेसत आणि ती नेसण म्हणजे अंगावर वागवलेली जातीची खूण झाली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या बायकांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. लुगडं घोट्यापर्यंत सोडून नेसा, अंगावर गाठोड्यासारखे वागवलेले हलक्या धातूचे दागिने टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांनी लगेच आपली नेसण बदलली. कापडाचा काठ वीतभर खाली आला, एवढंच बघायला गेलं तर घडलं होतं. पण तो काठ कुठे असावा हे ठरवण्याचा हक्क त्यांनी हातात घेतला. नऊवारी ही ‘आपली ओळख’ आहे असं आज आपण सहज म्हणतो, तेव्हा या बायका मला पहिल्यांदा आठवतात.

उलट बाजूची गोष्टही सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी घरांतल्या बायकांसाठी साडीची फॅशन ठरवत होता एक पुरुष. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगमंचावर जशी साडी नेसत, केसांत जशी फुलं माळत, तशी पुण्या-मुंबईच्या बायका उचलत. तेव्हा नऊवारी कुणाच्या अंगावर शोभते आणि कुणाच्या नाही, असल्या वादात पडू नका. मुलगा असाल, नाटकासाठी किंवा लावणीसाठी शिकत असाल, किंवा हेच वस्त्र तुम्हाला आपलं वाटतं म्हणून शिकत असाल, पुढच्या सगळ्या सूचना तुमच्यासाठीही तितक्याच आहेत.

आणखी एक उदाहरण परदेशात राहणाऱ्यांसाठी. डॉक्टर होण्यासाठी १८८३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियाच्या थंडीत पोटऱ्या उघड्या टाकणारी नऊवारी सोसेना. त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी जवळ केली. देशी वस्त्र सोडायचं नाही आणि आजारीही पडायचं नाही, असा तो विचार होता. तुम्ही न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असाल तर आतून लोकरी लेगिंग घाला, पूर्ण बाह्यांचं पोलकं शिवून घ्या, आणि त्यामुळे नऊवारी ‘खरी’ राहत नाही असं कुणी म्हणालं तर आनंदीबाईंचं नाव सांगा.

नेसताना हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘आमच्यात अशी नेसत नाहीत.’ म्हणणाऱ्या काकू किंवा मावशी असतील तर वाद घालू नका, त्यांना म्हणा, ‘मग तुमच्यातली दाखवा ना.’ अशाच विचारण्यातून एकेका घरातली, एकेका गावातली नेसण पुढे गेली आहे. दुसऱ्या समाजाची नेसण शिकायलाही हरकत नाही, पण ती जिच्या रोजच्या अंगावरची आहे तिच्याकडून शिका. कोळीण किंवा लमाणी बाईचा वेश वेशभूषा स्पर्धेत हशा पिकवण्यासाठी घालतात, ते मला अजिबात पटत नाही. एखादीचं रोजचं वस्त्र हे दुसरीचं सोंग होऊ नये.

कापड निवडणं

नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. नेहमीची गोल साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते. नऊवारीखाली परकर नसतो, सगळा भार एका गाठीवर आणि कापडाच्या स्वतःच्या पकडीवर असतो. म्हणून शिकायला सुती कापडच घ्या. सुती कापड अंगाला धरून राहतं, खोचलेलं सुटत नाही, गाठ सरकत नाही. रेशीम घसरतं आणि कृत्रिम धाग्याची स्वस्त साडी त्याहून जास्त घसरते. दिसायला भरजरी, किमतीला कमी, म्हणून नव्या मुली नेमकी तीच उचलतात आणि पहिल्याच दिवशी हिरमुसतात.

सगळ्यात उत्तम म्हणजे कपाटात पडून असलेलं, बऱ्याचदा धुतलेलं जुनं सुती लुगडं. आजी, आत्या, मावशी, शेजारच्या काकू, कुणाकडे तरी ते असतंच. मागायला संकोचू नका. देणारीला बहुधा आनंद होतो, आणि कापडाबरोबर तिची नेसण्याची पद्धतही मिळते, जी दुकानात मिळत नाही.

नवीनच घ्यायची असेल तर इरकल घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलहून ती येते आणि पिढ्यान् पिढ्या पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंत बायकांच्या अंगावर आहे. अंग सुती, पदर रेशमी. अंगाचे आणि पदराचे ताण्याचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतात, म्हणून पदराचा पोत आणि रंग एकदम बदललेला दिसतो. त्या तांबड्या-पांढऱ्या पदरावर ज्वारीच्या कणसाची, फणीच्या दातांची, किल्ल्याच्या तटाची नक्षी असते. ज्वारीच्या मुलखातल्या बाईच्या पदरावर ज्वारीचं कणीस यावं, ही गोष्ट मला फार आवडते. रोजच्या वापराला सोलापूर किंवा इचलकरंजीची सुती नऊवारीही चांगली आणि खिशाला परवडणारी. नारायणपेठ हलकी आणि चापूनचोपून बसणारी असते. कार्यक्रमाला जरा ठसठशीत दिसायचं असेल तर ती बघा. पैठणी पहिल्या नेसणीसाठी नको. येवल्याची किंवा पैठणची हातमागाची पैठणी जड असते, महाग असते, आणि नवख्या हाताने ओढाताण केली की जरीचा काठ दुमडतो तो दुमडतोच. हात बसल्यावर ती जरूर नेसा.

संक्रांतीसाठी काळी चंद्रकळा घेणार असाल तर दिवसाच्या उजेडात बघून घ्या. दुकानातल्या दिव्यांखाली काळा, गडद निळा आणि गडद जांभळा यांत फरक कळत नाही.

दुकानात तीन गोष्टी तपासा.

लांबी: ‘नऊवारी’ म्हणून विकलेली साडी कधी कधी नऊ वार नसते. मोजून मागा. दुकानदाराला त्यात राग येण्यासारखं काही नाही. अंगाने भरलेल्या असाल तर पूर्ण नऊ वार लागतीलच; काही ठिकाणी दहावारीही मिळते.

पन्हा: सुमारे ४५ ते ५० इंच असतो. कमरेला लावून बघा, खालचा काठ घोट्याशी आला पाहिजे. उंच मुलींनी हे विसरूच नये. पन्हा कमी पडला तर काष्टा मागे पोचतो पण पोटऱ्या उघड्या पडतात, आणि मग लाजेने मुलगी चालणंच बदलते.

दोन्ही काठ: नऊवारीत वरचाही काठ दिसतो आणि खालचाही, कारण काष्टा मागे खोचल्यावर काठ उभा येतो. एकच काठ रुंद असेल तर मागून ते कसं दिसेल, हे आधी कल्पून बघा.

नेसण्याआधी

नव्या सुती साडीला खळ असते. तशीच नेसली तर ती फुगून राहते. एकदा थंड पाण्यात मीठ घालून, वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा; इरकलीचा तांबडा रंग पहिल्या धुण्यात जातो, म्हणून बादलीत दुसरं काही टाकू नका.

आतून घोट्यापर्यंतची किंवा गुडघ्यापर्यंतची सुती लेगिंग घाला, साडीच्या रंगाच्या जवळची. कमरेला सुती नाडी घट्ट बांधा. जुन्या बायकांना तिची गरज पडत नाही, पण तुमचा हात बसेपर्यंत निऱ्या आणि काष्टा खोचायला तो भक्कम आधार होतो. नाडी बेंबीच्या किंचित खाली बांधा. वर बांधली तर बसल्यावर पोटात रुतते.

पोलकं आधी घालून घ्या. जवळ चार-पाच सेफ्टी पिना ठेवा, त्याहून जास्त नको. आरसा पूर्ण उंचीचा असेल तर बरं. पहिल्या वेळी तासभर मोकळा ठेवा आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा नेसायला घेऊ नका.

नेसायला सुरुवात

क्रम घराघरात थोडा बदलतो. खाली दिलेला क्रम नवख्यांना सर्वांत लवकर जमतो असा माझा अनुभव आहे. तो बसला की घरच्या मोठ्या बायकांकडून त्यांचे बारकावे घ्या.

१. गाठ. साडी पाठीमागून घ्या. पदराचं लांब टोक उजव्या हातात, बिनपदराचं टोक डाव्या हातात. डावीकडे हात-दीड हात कापड ठेवून बाकी सगळं उजवीकडे जाऊ द्या. दोन्हीकडचे वरचे काठ बेंबीपाशी आणा. गाठ मारण्याआधी खाली बघा: खालचा काठ दोन्ही घोट्यांशी सारखा आहे ना? असेल तर वरच्या काठांचं मूठभर कापड धरून निरगाठ मारा. पोट आत ओढून गाठ मारू नका, नेहमीसारखा श्वास चालू ठेवा. गाठ इतकी घट्ट हवी की हाताने खाली ओढली तरी हलणार नाही. डावीकडचं उरलेलं टोक गाठीखाली सपाट करून आत खोचून टाका. पुढचं सगळं या गाठीवर उभं आहे. ती मनासारखी बसली नाही तर तिथेच सोडा आणि पुन्हा मारा. पुढे गेल्यावर दुरुस्त होत नाही.

२. पदर. उजव्या हातातलं लांब टोक समोरून डावीकडे न्या, पाठीमागून फिरवा, उजव्या काखेखालून पुढे आणा आणि छातीवरून डाव्या खांद्यावर टाका. पदर मागे गुडघ्याच्या जरा वर येईल इतका ठेवा. डोक्यावरून घ्यायचा असेल तर हातभर जास्त. खेळायचं किंवा गाडी चालवायची असेल तर उलट थोडा आखूड ठेवा, कारण तो पुढे आणून कमरेला खोचायचा आहे. खांद्यावर चार बोटांच्या घड्या घालून पोलक्याला एक पिन लावा. मग डाव्या कमरेपासून पाठीमागून उजव्या कमरेपर्यंत वरचा काठ नाडीत नीट खोचत या. आता सगळं सैल कापड तुमच्या पुढ्यात, गाठ आणि डावी कमर यांच्या मध्ये जमा झालेलं असेल.

३. निऱ्या. या सैल कापडाच्या वीतभर रुंदीच्या निऱ्या घाला. अंगकाठीप्रमाणे आठ-दहा होतात. घाई इथेच होते. प्रत्येक निरी वरच्या काठाला धरून घाला, पण दर दोन-तीन निऱ्यांनंतर खालचा काठ सारखा येतोय का ते बघा. सगळ्या झाल्या की एकदा झटका देऊन सरळ करा आणि बेंबीपाशी, गाठ झाकली जाईल अशा, आत खोचा. इथे दुसरी पिन.

४. काष्टा. पाय हातभर फाकवा आणि गुडघे थोडे वाकवा. हे वाकणं महत्त्वाचं आहे. ताठ उभं राहून काष्टा ओढला तर खाली बसताना तो एकतर सुटतो नाहीतर कापड फाटतं. निऱ्यांचे खालचे काठ एका मुठीत गोळा करा, पायांमधून मागे न्या आणि दुसऱ्या हाताने मागून धरा. आता हळूच वर ओढा, मांड्यांवर कापड सपाट बसेल इतकंच. मागे घड्या एकीवर एक सारख्या लावा, काठ बाहेरून उभा दिसेल असं बघा आणि कमरेच्या बरोबर मधोमध नाडीत खोल खोचा. इथे तिसरी पिन. पुढे येऊन दोन्ही पायांवरचा काठ हाताने घोट्यापर्यंत सरळ करा. दोन्हीकडे सारखा यायला दोन-तीन वेळा मागे-पुढे करावं लागतं.

५. ओचा. ब्राह्मणी पद्धतीचा ओचा हवा असेल तर सगळ्या निऱ्या मागे नेऊ नका. काही पुढे राहू द्या आणि त्यांचा घोळ उचलून कमरेला खोचा. पहिल्या खेपेला हे टाळा. काष्टा न बघता बसू लागला की मग याकडे वळा.

६. परीक्षा. आरशात बघण्याआधी अंगाने तपासा. उकिडवं बसा. मांडी घाला. जिना चढा आणि उतरा. दोन्ही हात डोक्यावर न्या. एक फुगडी घालायला कुणी असेल तर घालाच. कुठे ओढ लागली तर काष्टा सोडून पुन्हा, थोडा सैल खोचा. यानंतर आरसा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि सगळ्यांना त्याच दिवशी कळते: स्वच्छतागृहात जायचं कसं. मागचा काष्टा सोडायचा, कापड पुढे घेऊन हातात धरायचं, आणि नंतर पुन्हा तसाच गुडघे वाकवून खोचायचा. हे घरी दोनदा करून बघा. म्हणूनच काष्ट्याला एकच पिन सांगितली. पाच पिना लावल्या तर तिथे अडकायला होतं. पाणी पिणं टाळून दिवस काढणाऱ्या नवऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. लग्नाच्या दिवशी हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

नेहमी अडणाऱ्या जागा

काष्टा सारखा सुटत असेल तर दोष बहुधा काष्ट्यात नसतो, गाठ खाली सरकलेली असते. सगळं सोडून गाठीपासून पुन्हा सुरू करा, वरवर पिना वाढवू नका.

एक पाय झाकलेला आणि दुसरा उघडा दिसत असेल तर निऱ्यांचा गठ्ठा एका बाजूला गेला आहे. काष्टा सोडून निऱ्या बेंबीच्या रेषेत आणा.

चालताना पुढे कापडाचा झोळ लोंबत असेल तर निऱ्या कमी आणि रुंद झाल्या आहेत. अरुंद घाला.

दुचाकीवर बसणार असाल तर पदर उजवीकडून पुढे आणून कमरेत पक्का खोचा आणि मागचं टोक चाकापर्यंत पोचत नाही हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. हेल्मेट घाला, फेट्याने डोकं वाचत नाही. होमापुढे बसतानाही पदर असाच बांधलेला हवा.

आपली नऊवारी आपल्यासारखी करणं

इथून पुढे नियम कमी आणि आवड जास्त. नथ, ठुशी, तन्मणी, बुगडी, कमरपट्टा, आंबाडा, गजरा, चंद्रकोर असा सगळा साज एकाच दिवशी अंगावर चढवायलाच हवा, असं फोटोंमुळे वाटायला लागलं आहे. तसं काही नाही. यातली एखादीच गोष्ट निवडा, जी तुमच्या घरातून आली आहे किंवा तुम्हाला मनापासून आवडते. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मिळते. पण नथ नको असेल तर नको. टिकली, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या यांचं तसंच. त्यांच्याशिवाय नऊवारी अपुरी राहते, असं मी कुणालाही सांगणार नाही. आलवणाची गोष्ट वर सांगितली ती याचसाठी: कुणी काय ल्यावं हे दुसऱ्यांनी ठरवून पुष्कळ झालं.

पोलक्याला खण घ्या. बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डचं ते कापड आपण ओटीत देतो आणि बऱ्याचदा कपाटात साठवतो. ओटीत आलेल्या एका खणाचं पोलकं होत नसेल तर दोन खण जोडून, बाह्या वेगळ्या रंगाच्या करून शिवून घ्या. फार सुरेख दिसतं. सुती इरकलीवर पांढरा शर्ट कंबरेशी खोचून, किंवा गळाबंद टीशर्ट घालून कामावर जाणाऱ्या मुली आता दिसतात. त्यांच्याकडे बघून बरं वाटतं, कारण रोज अंगावर आलं तरच हे वस्त्र टिकेल, वर्षातून एकदा फोटोपुरतं काढून नाही.

पायात कोल्हापुरी असेल तर ती आठवडाभर आधी घरात वापरून मऊ करून घ्या. नवी कोल्हापुरी आणि पहिली नऊवारी एकाच दिवशी नको. वाजवायला, नाचायला किंवा लांब चालायला साधे कॅनव्हासचे बूट घाला.

शिवलेली नऊवारी

पायजम्यासारखी चढवता येणारी शिवलेली नऊवारी वाईट नाही. रोज तीन प्रयोग करणाऱ्या नर्तिकेला, लहान मुलीला, दोन मिनिटांत कपडे बदलावे लागणाऱ्या नटीला ती सोयीचीच. पण ती एका मापाची होते. वर्षभराने अंग बदललं की बसत नाही, बहिणीला देता येत नाही, तिची काठाची ठेवण शिंप्याने ठरवलेली असते. न शिवलेलं लुगडं आजी, सून आणि नात तिघींनाही पुरतं. बाळंतपणाआधीही आणि नंतरही. शिवूनच घ्यायची असेल तर त्यासाठी साधी नवी साडी घ्या. आजीची इरकल किंवा आईची पैठणी कृपा करून कात्रीखाली देऊ नका.

सोडल्यावर

घामाची सुती साडी लगेच घडी करून ठेवू नका. रात्रभर दोरीवर वाऱ्याला टाका आणि दुसऱ्या दिवशी धुवा. रेशमी किंवा जरीची असेल तर वारं देऊन मऊ जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तर थेट कापडावर फवारू नका. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या जागी मोडा, नाहीतर जर घडीवर तुटते.

नवी साडी पहिल्यांदा नेसून घडी मोडण्याचा मान मैत्रिणीला किंवा नणंदेला देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. तुमच्या घरात असेल तर पाळा. तुमच्या साडीवर तिचा हात कसा चालतो, गाठ ती कुठे मारते, काष्टा किती ओढते, हे जवळून बघायला मिळतं. पुढच्या वेळी तिला समोर बसवा आणि तुम्ही नेसा, तिने फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही.